पैसा आधी, अटी नंतर: सरदार सरोवर आणि जागतिक बँकेची माघार

मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारने जागतिक बँकेला कळवलं, की गुजरातमध्ये नर्मदेवर बांधल्या जाणाऱ्या सरदार सरोवर धरणाच्या प्रकल्पासाठी मंजूर झालेल्या कर्जातले उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर आम्हाला नकोत. एकूण मंजुरी ४५ कोटी डॉलरची होती, बाकीची रक्कम उचलून झाली होती. बँकेने घातलेल्या अटी पूर्ण करण्याची मुदत ३१ मार्चला संपत होती, आणि ती संपायच्या तोंडावर हा निर्णय आला.

दिल्ली आणि गांधीनगरने त्याकडे स्वाभिमानाचा निर्णय म्हणून पाहिलं. बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये, धरण आम्ही आमच्या पैशाने बांधू, असा सूर होता. नर्मदा खोऱ्यात तोच निर्णय नर्मदा बचाओ आंदोलनाचा विजय ठरला: जगातल्या सर्वांत मोठ्या विकास बँकेला आदिवासींनी आणि निमाडच्या शेतकऱ्यांनी काढता पाय घ्यायला लावला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही एखाद्या सार्वजनिक संस्थेने पाठबळ कसं द्यावं, कधी रोखावं आणि कधी काढून घ्यावं, हे या प्रकरणातून समजून घ्यायचं असेल तर १९९३ च्या आधी मागे जावं लागतं. बँकेच्या हातात खरी ताकद एकदाच होती, १९८५ मध्ये, सही करण्यापूर्वी. ती तिने वापरली नाही. पुढची आठ वर्षं गेली ती हातातून सुटलेली ताकद पुन्हा मिळवण्याच्या धडपडीत, आणि त्या धडपडीची किंमत मोजली ती करारावर ज्यांची सही कुठेच नव्हती अशा माणसांनी.

मंजुरी

बँक या प्रकल्पात आली तेव्हा पुनर्वसनाचे नियम नव्हते असं अजिबात नाही. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला होता. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यात पाणी आणि वीज वाटताना लवादाने विस्थापितांसाठीही अटी घातल्या होत्या. ज्या खातेदाराची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही सिंचनाखालची आणि किमान २ हेक्टर. सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. पाणी चढण्याच्या किमान एक वर्ष आधी जमीन आणि घराची जागा उपलब्ध करून द्यायची. त्या काळाच्या मानाने हा निवाडा पुष्कळच पुढचा होता. देशात आधीच्या धरणांतून उठवलेल्या लोकांना यातलं फारसं काही मिळालं नव्हतं.

बँकेचे स्वतःचेही नियम होते. सक्तीने विस्थापित होणाऱ्यांचं धोरण तिने १९८० मध्ये ठरवलं होतं, आदिवासींबद्दलचं १९८२ मध्ये. म्हणजे निवाडा होता, बँकेचं धोरण होतं. नव्हती ती माहिती. धरणाच्या पाण्याखाली मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३ आणि गुजरातमधली १९ अशी २४५ गावं पूर्ण किंवा अंशतः येणार होती. त्यातली कुटुंबं किती, कुणाची जमीन किती, ती कोणत्या कागदावर आहे आणि बदल्यात द्यायची जमीन कुठून आणायची, याचा धड आराखडा मार्च १९८५ मध्ये बँकेच्या संचालक मंडळाने कर्ज मंजूर केलं तेव्हा तयार नव्हता. आराखडा नंतर सादर करायचा असं करारात लिहून घेतलं गेलं.

पर्यावरणाच्या बाबतीतही तेच झालं. केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाची मंजुरी प्रकल्पाला मिळाली जून १९८७ मध्ये, बँकेच्या कर्जानंतर दोन वर्षांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि ती मंजुरीही सशर्त होती: अभ्यास पूर्ण झालेले नाहीत, ते १९८९ पर्यंत करा, पाणलोट क्षेत्राचं काम आणि पुनर्वसन बांधकामाच्या बरोबरीने चालवा. १९८९ उजाडलं आणि मावळलं, अभ्यास अपुरेच राहिले, भिंत मात्र वर चढत होती.

'बांधकामाच्या बरोबरीने' ही तरतूद कागदावर समतोल दिसते. प्रत्यक्षात दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. काँक्रीटला ठेकेदार असतो, वेळापत्रक असतं, उशीर झाला तर दंड असतो, आणि दर पावसाळ्यानंतर भिंत किती मीटर वर गेली हे कुणालाही मोजता येतं. पुनर्वसनाला ठेकेदार नसतो. जमीन शोधावी लागते, ती कसणारा आधीच कुणीतरी असतो, पाण्याची सोय नसते, तलाठ्याची नोंद आणि शेतातली वहिवाट जुळत नाही. जलद चालणारं आणि रखडणारं अशी दोन कामं एकाच दोरीला बांधली की रखडणाऱ्या कामासाठी जलद काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे तरी असावा लागतो, आणि तो वापरण्याची इच्छाही. मंत्रालयाकडे अधिकार होता, बँकेकडेही होता.

माणूस कागदावर असणं

या प्रकरणात माझं मन सर्वांत जास्त अडतं ते 'विस्थापित कोण' या प्रश्नावर, कारण पाठबळ देताना आणि रोखताना शेवटी सगळं त्यावरच ठरलं.

महाराष्ट्रातली ३३ गावं तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी या सातपुड्याच्या तालुक्यांतली. आज ती नंदुरबार जिल्ह्यात येतात. धरणाच्या भिंतीपासून वर निघालं की महाराष्ट्राचं पहिलं गाव लागायचं ते मणिबेली. इथले भिल, पावरा, तडवी पिढ्यानपिढ्या डोंगरउतारावर आणि नदीकाठी शेती करत आले, पण त्यातली बरीचशी जमीन सरकारदरबारी वनखात्याची. अक्राणीतल्या अनेक गावांची नोंदच वनगावं म्हणून होती. ज्या माणसाच्या आजोबाने ते शेत फोडलं, तो कागदावर अतिक्रमणदार. त्याच्याकडे सातबारा नाही. असलीच तर वनखात्याने वेळोवेळी केलेल्या दंडाची पावती. ज्या पावतीने सरकारने त्याला गुन्हेगार ठरवलं, तीच त्याच्या कसवणुकीचा एकमेव पुरावा. किती घरांत धुरकटलेल्या वाशात खोचलेल्या अशा पावत्या टिकल्या असतील?

आता लवादाचा निवाडा पुन्हा वाचा. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार ती खातेदाराला. अतिक्रमणदार खातेदार नाही, म्हणजे तो भूमिहीन, म्हणजे त्याला २ हेक्टरचा हक्क नाही. बँकेचं धोरण वेगळं बोलत होतं: सर्व विस्थापितांचं राहणीमान किमान पूर्वीइतकं राहिलं पाहिजे, नाव कागदावर असो वा नसो. कर्जाच्या करारातही सगळ्या विस्थापितांचा विचार होता. राज्यं मात्र निवाड्याकडे बोट दाखवत राहिली. गुजरातने डिसेंबर १९८७ मध्ये भूमिका बदलली आणि भूमिहीन, अतिक्रमणदार, सज्ञान मुलगे अशा सगळ्यांना २ हेक्टर देण्याचा निर्णय केला. त्यामागे आर्च-वाहिनीसारख्या संघटनांची कित्येक वर्षांची लढाई होती आणि बँकेचा दबावही होता. या आठ वर्षांत पैशाचा दबाव माणसांच्या थेट उपयोगी पडल्याचं हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाची धोरणं तिथवर कधी पोचली नाहीत, आणि या दोन राज्यांत तर २४५ पैकी २२६ गावं होती.

महाराष्ट्राला जमीन हवी होती, ती नव्हती. म्हणून १९९० मध्ये तळोद्याच्या जंगलातली २,७०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी करण्यात आली. एका जंगलातून उठवलेल्यांसाठी दुसरं जंगल तोडायचं, आणि त्या दुसऱ्या जंगलातही आधीपासून कुणीतरी कसत होतंच.

शिवाय काही माणसं मोजणीतच नव्हती. धरणाच्या वसाहतीसाठी १९६१ मध्येच केवडिया आणि आसपासच्या अशा सहा गावांची जमीन घेतली गेली होती, त्यांना लवादाच्या निवाड्यातले लाभ लागू धरले गेले नाहीत. कालव्यांखाली जमीन जाणारे शेतकरी विस्थापित मानले गेले नाहीत. धरणाच्या खालच्या अंगाला नदीवर पोट असलेले मच्छीमारही नाहीत.

चौकशी

१९८९ पासून दबाव बाहेरून वाढला. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या मेधा पाटकर आणि इतरांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेचा सर्वांत मोठा भागधारक अमेरिका, त्यामुळे ही साक्ष जिथे दुखतं तिथेच लागली. १९९० मध्ये जपानने वीजनिर्मितीच्या यंत्रांसाठीची आपली मदत थांबवली. त्याच वर्षी बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. डिसेंबरच्या शेवटी बडवानीजवळच्या राजघाटाहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली आणि जानेवारी १९९१ मध्ये तिथे दीर्घ उपोषण झालं.

याच काळात बँकेने स्वतंत्र चौकशीची तयारी दाखवली. स्वतः पैसा पुरवत असलेल्या प्रकल्पाची बाहेरच्या माणसांकडून अशी तपासणी बँकेने त्याआधी कधी करून घेतली नव्हती. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स: अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष टॉमस बर्जर: कॅनडातले माजी न्यायाधीश, ज्यांनी १९७० च्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायुवाहिनीची चौकशी करताना मूलनिवासींच्या वस्त्यांवर जाऊन त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. मोर्स समितीने सप्टेंबर १९९१ मध्ये काम सुरू केलं आणि १८ जून १९९२ ला अहवाल दिला.

अहवालाचा निष्कर्ष नि:संदिग्ध होता. प्रकल्प आहे त्या स्वरूपात सदोष आहे. चालू परिस्थितीत सर्व विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही. पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचार झालेला नाही. आणि जी परिस्थिती ओढवली आहे तिच्या जबाबदारीत कर्ज घेणाऱ्याबरोबर बँकेचाही वाटा आहे. बुडीत क्षेत्रात किमान एक लाख माणसं राहतात, आणि कालव्यांमुळे बाधित होणारे आणखी सुमारे १ लाख ४० हजार शेतकरी आहेत, असं समितीने नोंदवलं. बँकेने प्रकल्पापासून मागे यावं आणि त्याचा नव्याने विचार करावा, हाच शहाणपणाचा मार्ग, असं तिने सुचवलं.

इथे नीट वाचलं पाहिजे. समितीने धरण नको असं म्हटलं नव्हतं. पैसे परत घ्या असंही नाही. मागे या, आधी माहिती गोळा करा, मग ठरवा, एवढंच तिचं म्हणणं. १९८५ मध्ये जे करायचं होतं ते १९९२ मध्ये करायला सांगितलं जात होतं.

शेवटचे सहा महिने

बँकेच्या व्यवस्थापनाने सप्टेंबर १९९२ मध्ये 'पुढची पावलं' सुचवणारा आपला दस्तऐवज मांडला. तो वाचून मोर्स आणि बर्जर इतके अस्वस्थ झाले की त्यांनी ऑक्टोबरमध्ये बँकेचे अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना पत्र लिहून कळवलं: आमच्या अहवालातले मुख्य निष्कर्ष या दस्तऐवजाने एकतर डावलले आहेत किंवा विपर्यस्त केले आहेत. २३ ऑक्टोबरला संचालक मंडळापुढे विषय आला. अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांच्या प्रतिनिधींनी कर्ज चालू ठेवायला विरोध केला. बहुमत दुसऱ्या बाजूला होतं. कर्ज चालू राहिलं, पण सहा महिन्यांत काही ठरावीक टप्पे गाठायचे, अशा अटीवर.

या सहा महिन्यांत जे घडलं ते कोणत्याही अनुदान देणाऱ्या, कर्ज देणाऱ्या कचेरीने लक्षात ठेवण्यासारखं आहे. टप्प्यांमध्ये गावांचं सर्वेक्षण आणि पुनर्वसनाचे आराखडे होते. वॉशिंग्टनमध्ये बसून पाहिलं तर ही अट विस्थापितांच्या भल्याची: माहिती नाही, तर माहिती गोळा करा. खोऱ्यात पाहिलं तर सर्वेक्षण ही उठवण्याची पहिली पायरी. 'कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा' म्हणणाऱ्या गावांनी मोजणीदारांना गावात येऊ न देण्याचा निर्णय केला होता. मोजणी झाली की नावाची यादी होते, यादी झाली की नोटीस येते, हे त्यांना ठाऊक होतं. मुदत मार्चची. मग मोजणीच्या पथकांबरोबर पोलीस गेले. अटका झाल्या, दडपशाही झाली. लोकांच्या संरक्षणासाठी घातलेली अट लोकांवर बळ वापरण्याचं कारण बनली.

यात एकट्या राज्य सरकारांचा दोष काढून चालणार नाही. अट घालणाऱ्याने जर फक्त फलित मागितलं, म्हणजे 'इतक्या गावांचं सर्वेक्षण पूर्ण', आणि ते कसं मिळवलं हे पाहिलं नाही, तर खालची यंत्रणा ते तिच्या नेहमीच्याच पद्धतीने मिळवून देते. १९८५ मध्ये हीच मोजणी झाली असती तर? तेव्हा भिंत नव्हती, पाणी डोक्यावर नव्हतं, आणि तुमचं काय जातं ते सांगा, बदल्यात काय मिळेल ते आम्ही दाखवतो, असं म्हणायला जागा होती. १९९२ च्या हिवाळ्यात ती जागा उरली नव्हती.

टप्पे गाठले जाणार नाहीत हे मार्चपर्यंत स्पष्ट झालं होतं. बँकेपुढे दोन मार्ग: अटी मोडल्या तरी पैसा चालू ठेवून उरलीसुरली पत घालवायची, किंवा आपल्या सर्वांत मोठ्या कर्जदारांपैकी एकाला जाहीरपणे नकार द्यायचा. भारत सरकारपुढेही दोनच: नापास ठरायचं किंवा परीक्षेलाच न बसायचं. उरलेलं कर्ज नको, हे भारताचं पत्र दोघांनाही सोयीचं होतं. अटी पाळल्या गेल्या की नाही, हे अधिकृतपणे कुणालाच सांगावं लागलं नाही.

मला हा शेवट सर्वांत जास्त खटकतो. पाठबळ काढून घेण्याचा निर्णय जर अटीभंगामुळे झाला असता, तर तो अटीभंग नोंदवला गेला असता. कोणत्या गावात काय झालं नाही, कुणाचं काय देणं राहिलं, याचा एक अधिकृत दस्तऐवज तयार झाला असता, आणि पुढे न्यायालयात तो हाताशी राहिला असता. आपसांत समजून घेतलेल्या माघारीने तो राहून गेला. बँकेची कायदेशीर भूमिका अशी, की कर्ज फिटेपर्यंत पुनर्वसनाच्या अटी भारतावर बंधनकारक आहेत. कागदावर ते खरं होतं, पण हप्ते थांबल्यावर त्या अटींमागे कोणतंच वजन उरलं नाही.

माघारीनंतर

धरण थांबलं नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये केंद्राने प्रकल्पाबद्दलचे प्रश्न तपासण्यासाठी नियोजन आयोगाचे तेव्हाचे सदस्य जयंत पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांचा गट नेमला, त्यात वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि व्ही. सी. कुलंदैस्वामी होते. गट नेमलेला असतानाच फेब्रुवारी १९९४ मध्ये बांधकामासाठी ठेवलेली दारं बंद करण्यात आली आणि मागे पाणी साठू लागलं.

पैसा गुजरातने उभा केला. त्यातला एक मार्ग अनेक वाचकांच्या घरातल्या जुन्या फायलींत अजून सापडेल: सरदार सरोवर नर्मदा निगमचे १९९३ चे डीप डिस्काउंट बाँड. आज ३,६०० रुपये भरा, २० वर्षांनी १,११,००० रुपये घ्या. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी मध्यमवर्गाने ते घेतले. पुढे व्याजदर उतरले आणि निगमला हे वचन डोईजड झालं. मुदतीआधी परतफेड करण्याची मुभा निगमला देणारा कायदा गुजरातने २००८ मध्ये केला, आणि जानेवारी २००९ मध्ये बाँडमागे ५०,००० रुपये देऊन ते परत घेण्यात आले. जानेवारी २०१४ पर्यंत थांबून १,११,००० घेण्याचा पर्याय संपला. बाँडधारकाचं आणि बुडितातल्या शेतकऱ्याचं दुःख एका मापाचं नाही, आणि मी ते एका पारड्यात टाकत नाही. पण सार्वजनिक संस्थेने दिलेलं लेखी वचन तिला जड झाल्यावर ती ते कसं बदलून घेते, हे इथे शहरी घरांनाही अनुभवायला मिळालं. फरक इतकाच, की बाँडधारकाच्या हातात निदान छापील कागद होता आणि त्यावर आकडा होता.

गुजरातची गरज खोटी होती असं मला म्हणायचं नाही. सौराष्ट्र आणि कच्छची तहान खरी होती, सुमारे १८ लाख हेक्टरला पाणी देण्याचं नियोजन होतं, आणि तिथल्या लोकांना हे धरण जीवनमरणाचा प्रश्न वाटत होतं. म्हणूनच बँकेच्या माघारीने राजकीय बळ घटण्याऐवजी वाढलं. परक्यांनी पैसा रोखला की देणगी, रोखे, कर सगळं गोळा करणं सोपं जातं. पाठबळ काढून घेतलं म्हणजे काम थांबेल, हे गृहीत धरणाऱ्यांनी ही बाजू नेहमी तपासून पाहावी. ज्या कामामागे मोठा लोकसमूह उभा आहे, तिथे बाहेरचा पैसा काढल्याने कामाच्या गतीपेक्षा कामावरच्या देखरेखीलाच जास्त धक्का बसतो.

देखरेख पुन्हा आली ती न्यायालयातून. आंदोलनाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मे १९९५ पासून धरणाची उंची ८०.३ मीटरवर थांबली आणि फेब्रुवारी १९९९ पर्यंत थांबून राहिली. काम थांबलेलं असताना पुनर्वसनाकडे लक्ष देणं भाग पडलं, गुजरातमध्ये तक्रार निवारण प्राधिकरण आलं. १८ ऑक्टोबर २००० ला न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी काम पुढे नेण्याची परवानगी दिली, न्यायमूर्ती भरुचा यांचं मत वेगळं पडलं. बहुमताच्या निकालात उंची लगेच ९० मीटरपर्यंत नेण्याची मुभा होती आणि त्यापुढे प्रत्येक वाढीआधी पुनर्वसनाची खातरजमा करण्याची व्यवस्था सांगितली होती.

तत्त्व म्हणून ही व्यवस्था १९८५ च्या करारापेक्षा चांगली. टप्पा पूर्ण, मग पुढची परवानगी. पण खातरजमा व्हायची ती बहुतांशी राज्यांनीच पाठवलेल्या कृती अहवालांवरून. एप्रिल २००६ मध्ये उंची १२१.९२ मीटरवर न्यायची परवानगी वादात सापडली तेव्हा केंद्राचे तीन मंत्री, सैफुद्दीन सोझ, मीरा कुमार आणि पृथ्वीराज चव्हाण, खोऱ्यात जाऊन आले. अहवालातलं पुनर्वसन आणि जमिनीवरचं पुनर्वसन जुळत नसल्याचं त्यांना आढळलं. काम तरीही थांबलं नाही. मध्य प्रदेशात जमिनीऐवजी रोख रक्कम देण्याचा मार्ग काढला गेला, त्यातून बनावट खरेदीखतांचा इतका सुळसुळाट झाला की २००८ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. एस. झा यांचा आयोग नेमावा लागला. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरला.

बँकेत काय बदललं

बँक १९८५ मध्ये इतकी घाईत का होती, याचं उत्तर तिच्याच एका अहवालात मिळतं. उपाध्यक्ष विली वापेनहान्स यांनी १९९२ मध्ये बँकेच्या कामाची अंतर्गत तपासणी केली. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक निघाले. करारांतल्या आर्थिक अटींपैकी पाळल्या गेलेल्या अटी होत्या फक्त २२ टक्के. संस्थेत बढती आणि प्रतिष्ठा मिळते ती कर्ज मंजूर करून घेण्याबद्दल, ते नीट राबवून घेण्याबद्दल नाही, असं त्याचं निदान होतं. ही सवय फक्त बँकेची नाही. अनुदान वाटणाऱ्या कुठल्याही खात्यात वर्षअखेरीला विचारतात ते निधी किती खर्ची पडला हे. किती ठिकाणी अट पुरी न झाल्याने निधी रोखून धरला, हे विचारणारा वरिष्ठ मला तरी माहीत नाही. जोवर रोखून धरणं ही कामगिरी मानली जात नाही, तोवर कनिष्ठ अधिकारी सही करून मोकळा होणार.

सरदार सरोवरच्या धक्क्यातून बँकेने सप्टेंबर १९९३ मध्ये तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेने स्वतःचे नियम मोडल्यामुळे नुकसान झालं किंवा होणार आहे, असं वाटणाऱ्या सामान्य लोकांना थेट तक्रार करण्याचं हे पहिलंच दार. पहिली मोठी तक्रार आली नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाची, १९९४ मध्ये, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तिथे मुख्य कर्जावर सही व्हायची होती. पैसा दिलेला नव्हता, भिंत उभी नव्हती, गावं रिकामी झालेली नव्हती. नकार द्यायला तीच योग्य वेळ होती.

या दारालाही उंबरठा आहे. कर्ज बंद झालं किंवा त्यातली ९५ टक्के रक्कम दिली गेली, की तक्रार दाखल करता येत नसे. २०२० मध्ये नियम बदलून कर्ज बंद झाल्यानंतर आणखी १५ महिन्यांची मुभा देण्यात आली. जमीन मिळाली पण पाणी नाही, पाणी आहे पण नाव लागलं नाही, घराचा भूखंड आहे पण त्याला रस्ता नाही, अशा पुनर्वसनातल्या तक्रारी वसाहतीत दोन-चार पिकं घेतल्याशिवाय पुढे येत नाहीत. त्या हिशेबाने १५ महिनेही थोडेच. आणि मणिबेलीच्या लोकांना तर या दारापर्यंत जाताच आलं नसतं, कारण मंडळ स्थापन झालं तेव्हा त्यांच्या नदीवरचं कर्ज बंद होऊन जवळजवळ सहा महिने होत आले होते.